सहा निर्णायक सामने, पाच गोल: टोरोंटो मेपल लीफ्सची सात वर्षं

१८ मे २०२५, रविवारची रात्र. टोरोंटोजवळच्या मिसिसागातल्या आमच्या तळघरात नऊ जण टीव्हीसमोर बसलो होतो. एनएचएल या आइस हॉकीच्या लीगमधला सामना: टोरोंटो मेपल लीफ्स विरुद्ध फ्लोरिडा पँथर्स, दुसऱ्या फेरीचा सातवा सामना, जिंकेल तो पुढे. पहिलं सत्र गोलशून्य गेलं. दुसऱ्या सत्रात साडेसहा मिनिटांच्या आत फ्लोरिडानं तीन गोल केले आणि खोली गप्प झाली. तिसरं सत्र सुरू होताच मॅक्स डोमीनं एक गोल परत केला, तसे आम्ही सगळे ताडकन उठलो. शेजारच्या पंजाबी अंकलजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि टाळी द्यायला हात पुढे केला. टाळी राहूनच गेली. मिनिटभराच्या आत एटू लुओस्तारिनेननं चौथा गोल केला होता आणि अंकलजींचा हात तसाच हवेत होता. सामना १-६ असा हरलो. आपल्याच मैदानावर.

सगळे गेल्यावर मी एका कागदावर यादी केली. जॉन टवारेस संघात आला जुलै २०१८ मध्ये, सात वर्षांच्या करारावर. तो करार त्या जूनअखेर संपणार होता. या सात हंगामांत मालिका बरोबरीत येऊन एकाच शेवटच्या सामन्यावर फैसला येण्याची वेळ लीफ्सवर सहा वेळा आली. २०१९, बॉस्टन, १-५. २०२०, कोलंबस, ०-३. २०२१, मॉन्ट्रियल, १-३. २०२२, टॅम्पा बे, १-२. २०२४, पुन्हा बॉस्टन, ओव्हरटाइममध्ये १-२. २०२५, फ्लोरिडा, १-६. सहा सामने, पाच गोल. त्यातला टवारेसचा एक, विल्यम नीलँडरचे दोन, मॉर्गन रायलीचा एक, डोमीचा एक. एका हंगामात ६९ गोल करणाऱ्या ऑस्टन मॅथ्यूजचा एकही नाही. मिच मार्नरचाही नाही.

टोरोंटोत या संघाचा विषय निघाला की दुसऱ्या वाक्याला ‘यांच्यात दमच नाही’ हे ठरलेलं. ऑफिसात, ट्रेनमध्ये, मराठी मंडळाच्या कोजागिरीला, सगळीकडे तेच. मी हा संघ २०१३ पासून जिवापाड बघतोय आणि हे निदान मला पटत नाही. हिशेब चुकला होता. आणि तो सप्टेंबर २०१९ मध्येच चुकून बसला होता, नंतरची सहा वर्षं त्याची वसुली चालली.

आधीचं थोडं

लीफ्सनी स्टॅनली कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, शेवटचा जिंकला २ मे १९६७ ला. लीगमध्ये तेव्हा सहाच संघ होते. तो वयस्कांचा संघ होता: गोलकीपर जॉनी बॉवर ४२ वर्षांचा, बचावपटू अ‍ॅलन स्टॅन्ली ४१ चा. कॅनडाच्या शंभराव्या वर्षात त्यांनी मॉन्ट्रियलला हरवलं. तो तेरावा कप. पुढच्याच हंगामात लीगमध्ये बारा संघ झाले, आता बत्तीस आहेत, आणि चौदावा कप अजून आलेला नाही.

मी स्वतः हा संघ मनावर घेतला १३ मे २०१३ ला. तेव्हा नवीनच आलो होतो, सामना बॉस्टनमध्ये होता, म्हणून टोरोंटोच्या मैदानाबाहेरच्या चौकातल्या मोठ्या पडद्यासमोर हजारो लोकांत उभा होतो. बॉस्टनविरुद्ध सातवा सामना. शेवटच्या सत्रात लीफ्स ४-१ नं पुढे होते. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. मग बॉस्टननं एक गोल केला, आणि अगदी शेवटच्या दीड मिनिटात, गोलकीपर काढून घेऊन सहावा खेळाडू पुढे घालत, आणखी दोन. ओव्हरटाइममध्ये पॅट्रिस बर्जरॉननं संपवलं. युनियन स्टेशनवरून घरी जाणारी गो ट्रेन गच्च भरलेली होती आणि डब्यात कुणी बोलत नव्हतं. शेजारी बसलेला सात-आठ वर्षांचा मुलगा निळी जर्सी डोक्यावरून ओढून घेऊन रडत होता, आणि त्याचे वडील नुसतं त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०१४ मध्ये, ब्रेंडन शॅनहॅन अध्यक्ष झाला. त्यानं मळलेली वाट सोडली, आणि त्याचं मला आजही कौतुक आहे. आधीची प्रत्येक राजवट थकलेले नामवंत विकत घेऊन यंदाच जिंकू म्हणायची. शॅनहॅननं घर पाडून पायापासून बांधायचं ठरवलं. २०१५ मध्ये माइक बॅबकॉक प्रशिक्षक म्हणून आला, आठ वर्षांसाठी ५ कोटी डॉलर घेऊन, आणि पहिल्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं की आधी यातना सोसाव्या लागतील. फिल केसल गेला, कर्णधार डियन फनफ गेला. २०१५-१६ मध्ये संघ तीस संघांत तिसावा आला. तळाला जाण्याचं फळ म्हणून नवोदितांच्या निवडीत पहिला हक्क मिळाला आणि मॅथ्यूज आला. नीलँडर २०१४ चा, मार्नर २०१५ चा. १२ ऑक्टोबर २०१६ ला ओटावात मॅथ्यूजनं कारकिर्दीच्या पहिल्या सामन्यात चार गोल केले. सामना हरलो तो भाग वेगळा. शहराला माणूस मिळाला होता.

चौदा महिने

इथे पैशाची चौकट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २००५ पासून या लीगमध्ये सॅलरी कॅप आहे. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला ठरावीक थैली असते तसंच, फक्त इथे ती दर हंगामाच्या पगारावरची वरची मर्यादा आहे आणि ती ओलांडायची सोय जवळपास नाही. टोरोंटो हा लीगमधल्या सर्वांत श्रीमंत संघांपैकी एक. तरी खेळाडूंच्या पगारावर तो दुसऱ्यापेक्षा एक डॉलर जास्त खर्चू शकत नाही. म्हणजे जिंकायचं तर कमी पैशात जास्त माल घ्यायला हवा. ज्याला मोठा खेळाडू बाजारभावापेक्षा स्वस्तात मिळतो, त्याच्याकडे तिसऱ्या-चौथ्या फळीसाठी पैसे उरतात.

मे २०१८ मध्ये काइल ड्युबस जनरल मॅनेजर झाला. वय ३२. १ जुलैला त्यानं टवारेसला आणलं: मिसिसागात जन्मलेला, लहानपणी लीफ्सच्या चादरीवर झोपलेला मुलगा, वर्षाला १ कोटी १० लाख डॉलर. त्या दिवशी शहरात दिवाळी होती. मीही पेढे वाटले.

पण या एका आकड्यानं घरातल्या पोरांना भाव कळला. नीलँडर हंगाम सुरू झाला तरी सही करेना. १ डिसेंबरला, मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना, सुमारे ७० लाखांवर जुळलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये मॅथ्यूज, पाच वर्षं, वर्षाला १ कोटी १६ लाख. सप्टेंबर २०१९ मध्ये मार्नर, सहा वर्षं, १ कोटी ९ लाख. जुलै २०१८ ते सप्टेंबर २०१९, चौदा महिन्यांत चार करार. त्या हंगामाची मर्यादा होती ८ कोटी १५ लाख. चौघांचे मिळून ४ कोटी ५ लाख. जवळजवळ बरोबर निम्मे. उरलेल्या निम्म्यात एकोणीस माणसं बसवायची, त्यात सगळा बचाव आणि दोन गोलकीपर. आणि ज्यांच्यावर निम्मी थैली रिकामी झाली ते चौघंही पुढच्या फळीचे.

या तीन पोरांच्या वेळी पारडं खरं तर संघाचं जड होतं. पहिला करार संपलेल्या खेळाडूला या लीगमध्ये मोकळेपणी कुठेही जाता येत नाही. दुसऱ्या संघानं बोली लावली तरी मूळ संघाला ती जुळवून त्याला ठेवून घेता येतं, आणि सोडलाच तर भरपाई म्हणून निवडीचे हक्क मिळतात. कोलोरॅडोनं याच टप्प्यावर नेथन मॅकिननला सात वर्षांसाठी वर्षाला ६३ लाखांत बांधलं, आणि २०२२ मध्ये तोच करार चालू असताना कप उचलला. टोरोंटोनं पूर्ण भाव दिला आणि वर मुदतही कमी घेतली. पाच वर्षांनी मॅथ्यूज परत टेबलावर, सहा वर्षांनी मार्नर. सवलत मिळाली नाही आणि पुढची हमीही मिळाली नाही.

ड्युबसचा विचार बिनबुडाचा नव्हता. कॅप दरवर्षी वाढत होती. दोन-तीन वर्षांत ती ९ कोटींकडे जाईल, मग हेच आकडे हलके वाटतील, असं गणित होतं. मार्च २०२० मध्ये कोविड आला. मर्यादा ८ कोटी १५ लाखांवर गोठली, ती २०२२ पर्यंत हलली नाही, नंतरची दोन वर्षंही दहा-दहा लाखांनीच सरकली. हे कुणालाही आधी दिसणं शक्य नव्हतं. पण वादळ सगळ्यांवर आलं, आणि छप्पर उडालं ते भिंतीत अंतर न ठेवणाऱ्याचं. जरा जागा सोडून बांधलेले संघ तरले.

जी माणसं गेली

या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागतो तो हा भाग.

जून २०१९: पॅट्रिक मार्लोचा ६२ लाखांचा करार डोक्यावर होता. वयाच्या ३७ व्या वर्षी त्याला दिलेला, ड्युबसच्या आधीच्या मॅनेजरनं. तो करार कुणीतरी घ्यावा म्हणून टोरोंटोनं कॅरोलायनाला चक्क पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क दिला. कॅरोलायनानं त्यातून सेथ जार्व्हिस निवडला, जो आज त्यांच्या मुख्य खेळाडूंपैकी आहे. म्हणजे एक माणूस फुकट दिला, तोही आपला कचरा उचलून नेल्याबद्दल.

जुलै २०१९: नाझेम काद्री. वर्षाला ४५ लाख, दुसऱ्या लाइनचा, म्हणजे तीन आक्रमकांच्या दुसऱ्या तुकडीचा, सेंटर (मधला आक्रमक), अंगावर जाऊन खेळणारा. बॉस्टनविरुद्ध लागोपाठ दोन वर्षं डोकं फिरवून निलंबित झाला, हे खरंच. संघाचा संयम संपला आणि तो कोलोरॅडोला गेला. २०२१-२२ मध्ये त्यानं ८७ गुण (स्वतःचे गोल आणि गोलाचे पास मिळून) केले, अंतिम मालिकेत मोडक्या अंगठ्यानिशी परत येऊन ओव्हरटाइमचा गोल केला आणि कप जिंकला. पगार तेव्हाही तोच, ४५ लाख.

जुलै २०२१: झॅक हायमन. टोरोंटोतच वाढलेला मुलगा. मॅथ्यूज-मार्नरच्या लाइनवर कोपऱ्यातून चकती खणून आणायचं काम याचं. त्याला ५५ लाख हवे होते, थैलीत नव्हते. एडमंटननं दिले. २०२३-२४ मध्ये हायमननं ५४ गोल केले, शिवाय प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, १६, आणि संघाबरोबर अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला.

जार्व्हिस, काद्री, हायमन. यांच्यात मॅथ्यूजच्या तोडीचा कुणी नाही. पण ज्या दर्जाची माणसं एप्रिल-मे मध्ये सामने काढून देतात, तो दर्जा हाच. मधली फळी. दर उन्हाळ्यात तिचा एकेक दगड निखळत गेला, आणि जागी यायचे ते एका वर्षाच्या करारावरचे, कारकीर्द उतरणीला लागलेले खेळाडू.

बर्फावर नेमकं काय होतं

‘मधली फळी नाही म्हणून हरले’ हे ऐकायला बरं, पण त्यानं मॅथ्यूजचे गोल का आटावेत? ८२ सामन्यांच्या साखळीत लीफ्स सामन्याला तीन-साडेतीन गोल करायचे. तोच बर्फ, तीच माणसं, मग एकच गोल का?

आइस हॉकीत एका वेळी गोलकीपर सोडून पाच जण बर्फावर असतात आणि एक खेळाडू साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळून बाहेर येतो. तीन आक्रमकांची एक लाइन, अशा चार लाइन आळीपाळीनं उतरतात. साखळीत आज बफेलो, परवा डेट्रॉइट, तेरवा विमान. समोरच्याला तुमचा अभ्यास करायला वेळ नसतो. प्लेऑफमध्ये तोच संघ दोन आठवडे समोर. त्यांचा प्रशिक्षक ठरवून टाकतो: मॅथ्यूज बर्फावर आला की आपली सर्वांत दणकट बचाव-जोडी आणि सर्वांत चिवट लाइन उतरवायची. यजमान संघाला खेळाडू बदलण्याची शेवटची संधी असते, त्यामुळे त्यांच्या घरी तर हे सहज जमतं. गोलसमोरची जागा बंद करायची, कडेनं मारू द्यायचं. मालिका पुढे सरकते तसे पंचही शिट्टी कमी वाजवतात. पकडणं, ढकलणं खपून जातं.

कबड्डीत नावाजलेला चढाईपटू आला की समोरचे सगळे फक्त त्याच्या पायांकडे बघतात. तो अडकणारच. पण त्याला अडकवायला सगळे लागले, तर पुढच्या चढाईला दुसऱ्यानं गुण आणायचे असतात. हा दुसरा टोरोंटोकडे नव्हता. एक-दोन लाइन थोपवल्या की काम झालं, हे बॉस्टन, कोलंबस, मॉन्ट्रियल सगळ्यांना कळलेलं. २०२४ च्या बॉस्टनविरुद्धच्या मालिकेत टोरोंटोला एक माणूस जास्त असताना खेळायची, म्हणजे पॉवर प्लेची, संधी २१ वेळा मिळाली. गोल झाला एक. त्या पॉवर प्लेवर चौघांपैकी जे खेळू शकत होते ते, आणि रायली. समोरच्यांना त्यांचा प्रत्येक पास पाठ झाला होता.

दुसरी कारणं, एकेक करून

नशीब. सातवा सामना म्हणजे जवळपास नाणेफेक, हे मला मान्य आहे. नाणेफेकीत सहाच्या सहा हरण्याची शक्यता चौसष्टात एक. बत्तीस संघांच्या लीगमध्ये कधीतरी कुणाच्या तरी वाट्याला हे येणार. २०२१ मध्ये मॉन्ट्रियलविरुद्ध पहिल्याच सामन्यात टवारेसच्या डोक्याला समोरच्याचा गुडघा लागला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. ३-१ अशी आघाडी घेऊन तीन सामने हरलो, त्यातले दोन ओव्हरटाइममध्ये. २०२४ मध्ये मॅथ्यूज आजारी पडून पाचवा-सहावा सामना खेळला नाही, नीलँडर अर्धशिशीमुळे पहिले तीन. २०२५ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोलकीपर अँथनी स्टोलार्झ जखमी झाला. हे दुर्दैवच. पण नशिबानं हरण्याचा खुलासा होतो, सहा सामन्यांत पाच गोलांचा होत नाही.

गोलकीपर. आठवून बघा: सहापैकी चार सामन्यांत समोरच्यांनी तीन किंवा त्याहून कमी गोल केले. गोलकीपरनं याहून जास्त काय करावं?

प्रशिक्षक. बॅबकॉक कडक शिस्तीचा, शेल्डन कीफ चकती आपल्याकडे ठेवून खेळवणारा, २०२४ मध्ये आलेला क्रेग बेरूबी सेंट लुइसला २०१९ चा कप जिंकून देणारा, सरळ पुढे मारा आणि अंगावर जा म्हणणारा. तीन माणसं, तीन पद्धती, शेवटचा सामना तोच.

आणि दम. फेब्रुवारी २०२५ मध्ये चार देशांची स्पर्धा झाली. कॅनडा-स्वीडन सामन्यात ओव्हरटाइमचा गोल मार्नरचा. अमेरिकेविरुद्ध अंतिम सामना, तोही ओव्हरटाइममध्ये. कॉनर मॅकडेव्हिडनं जो विजयी गोल केला त्याला पास मार्नरचा. हरलेल्या अमेरिकेचा कर्णधार मॅथ्यूज होता आणि त्या रात्री अमेरिकेचे दोन्ही गोल त्याच्या पासवरून झाले. सगळा देश बघत असताना, एका सामन्यावर सगळं असताना, हीच दोन माणसं खेळली. फरक एवढाच की तिथे मागून येणारी दुसरी, तिसरी, चौथी लाइनही तितकीच धारदार होती. समोरच्यांना एका लाइनवर सगळी ताकद लावता येत नव्हती. दम नसलेली माणसं असं खेळत नाहीत. मार्नरला या शहरानं जे ऐकवलं, समाजमाध्यमांवर जे लिहिलं, त्यातलं बरंचसं अन्यायाचं होतं, आणि हे मी तो हरलेला असतानाही म्हणत आलो.

फ्लोरिडानं काय केलं

१८ मे च्या त्या सामन्यात फ्लोरिडाचे सहा गोल कुणाचे होते ते बघा. सेथ जोन्स, अँटन लुंडेल, जोना गॅजोविच, लुओस्तारिनेन, सॅम राइनहार्ट, ब्रॅड मार्शंड. सहा गोल, सहा माणसं. गॅजोविच चौथ्या लाइनचा, लीगच्या किमान पगाराच्या आसपास खेळणारा. लुंडेल, लुओस्तारिनेन आणि मार्शंड ही त्यांची तिसरी लाइन. मार्शंडबद्दल टोरोंटोकरांना वेगळं सांगायला नको: २०१३, २०१८, २०१९, २०२४ ला बॉस्टनकडून आणि २०२५ ला फ्लोरिडाकडून, लीफ्सच्या पाच सातव्या सामन्यांत तो समोर होता आणि पाचही जिंकला. २०२५ च्या मालिकेत आपण पहिले दोन सामने जिंकलो होतो, तिसऱ्यात ३-१ नं पुढे होतो. तिथून त्यांनी ४-३ अशी आघाडी घेतली, आपण कशीबशी बरोबरी साधली, आणि ओव्हरटाइममध्ये शेवटचा गोल मार्शंडचाच.

फ्लोरिडाकडेही महागडे खेळाडू आहेत. पण बार्कोव्ह १ कोटी, मॅथ्यू कचक ९५ लाख, राइनहार्ट साधारण ८६ लाख. एकही टोरोंटोच्या वरच्या दोघांएवढा नाही. त्यामुळे बेनेट, फोर्सलिंग, व्हरहेगी यांना जागा उरली. फोर्सलिंगला दुसऱ्या संघानं मोकळं सोडलं होतं, तिथून उचलला. कार्टर व्हरहेगी तर मूळ टोरोंटोनंच २०१३ मध्ये निवडलेला, इथून तासाभरावरच्या गावातला. एकही सामना न खेळवता देऊन टाकला. पँथर्सनी २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षं कप जिंकला.

एक गोष्ट त्यांच्या बाजूची, आणि ती सांगायलाच हवी. फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही. ऑन्टारियोत वरच्या उत्पन्नावर केंद्र आणि प्रांत मिळून ५३ टक्क्यांहून जास्त कर जातो. कॅप मात्र दोघांना एकच. तिथे ८६ लाखांवर खूश असलेल्या माणसाला इथे तेवढंच हातात पडायला बरंच जास्त मागावं लागतं. ही अडचण खरी आहे. पण ती २०१८ मध्येही माहीत होती, आणि जिथे बाहेरचा माणूस महाग पडतो तिथे घरातल्या माणसाचा भाव आणखी जपून करायचा असतो.

मार्नरचा शेवट

२०२३ मध्ये लीफ्सनी टॅम्पाला हरवून १९ वर्षांत पहिल्यांदा एक मालिका जिंकली. सहाव्या सामन्यात ओव्हरटाइमचा गोल टवारेसचा. मी रस्त्यावर येऊन ओरडलो होतो. पुढच्या फेरीत फ्लोरिडानं ४-१ नं घरी पाठवलं. १९ मे ला ड्युबस गेला, ३१ मे ला त्याच्या जागी ब्रॅड ट्रेलिव्हिंग आला. आणि १ जुलैपासून मार्नरच्या करारातलं ते कलम लागू झालं, ज्यामुळे त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नव्हतं. संघाची फेरमांडणी करायची शेवटची खरी संधी हा मधला महिना होता. नव्या माणसाला घर समजून घ्यायलाही तो पुरला नसता.

त्यानं उलट घट्ट धरून ठेवलं. मॅथ्यूजला १ कोटी ३२ लाख, नीलँडरला १ कोटी १५ लाख. २०२४-२५ मध्ये मर्यादा ८ कोटी ८० लाख झाली तेव्हा चौघांचा वाटा निम्म्याहून वर, ५३ टक्क्यांवर गेला होता. त्या हंगामात संघानं १०८ गुण करून गट जिंकला, पहिल्या फेरीत ओटावाला हरवलं. पुढे काय झालं ते वर आलंच आहे.

२२ मे २०२५ ला शॅनहॅनची अकरा वर्षं संपली. टवारेस सुमारे ४४ लाखांवर, पूर्वीच्या निम्म्याहून कमी पैशात, चार वर्षांसाठी थांबला. मार्नर वेगसला गेला, आठ वर्षं, वर्षाला १ कोटी २० लाख. नऊ हंगाम खेळलेल्या, सातशेच्या वर गुण केलेल्या खेळाडूच्या बदल्यात टोरोंटोला मिळाला निकोला रॉय, तिसऱ्या लाइनचा सेंटर. गंमत म्हणजे संघाला कमी होती ती याच दर्जाच्या माणसाची, आणि ती भरून काढायला मार्नर द्यावा लागला.

कपची आशा? मॅथ्यूजचा करार २०२८ च्या उन्हाळ्यापर्यंत आहे. कॅप आता वाढते आहे, २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख, म्हणजे मधली फळी भरायला पैसे पहिल्यांदाच मोकळे झालेत. पण भरायला माणसं हवीत, आणि स्वस्त माणसं येतात ती नवोदितांच्या निवडीतून. २०२५ चा पहिल्या फेरीतला हक्क जेक मॅकेबसाठी दिलेला. २०२६ चा ब्रँडन कार्लोसाठी, बॉस्टनला. २०२७ चा स्कॉट लॉटनसाठी, फिलाडेल्फियाला. शेवटच्या दोन्हींना, फारच वरचा क्रमांक आला तर हक्क परत राखता येईल अशी अट घातलेली, पण तेवढा वरचा क्रमांक यायचा तर आधी तळाला जावं लागेल. एक मोठा खेळाडू कमी झाला म्हणून संघ वाईटच होईल असं मी मानत नाही. पैसे तीन-चार ठिकाणी वाटले गेले तर प्लेऑफमध्ये तो जास्त त्रासदायकही ठरेल. तीन वर्षांत कप मात्र मला अवघड दिसतो.

१ जुलैला संध्याकाळी अंकलजी कुंपणापाशी भेटले. हॉकी ते पंजाबी समालोचनातच बघतात, २००८ पासून, आणि मार्नरचं नाव त्यांच्या तोंडी ‘साडा मुंडा’ असंच असायचं. त्यांचा नातू ब्रॅम्प्टनला मुलांच्या लीगमध्ये खेळतो, त्याच्याकडे मार्नरची १६ नंबरची जर्सी आहे. सून म्हणत होती की आता ती बदलून दुसरी घेऊ. नातवानं ऐकलं नाही. आम्ही बोलत होतो तेव्हा तो ड्राइव्हवेवर तीच घालून, गॅरेजच्या दारावर टेनिसचा चेंडू मारत होता, आणि प्रत्येक फटक्याला दार वाजत होतं.